थोडक्या पैशांत खेळाचा संगणक : भागांचा मेळ कसा पाहावा

गेल्या काही वर्षांत आमच्या शाळेतील पालक मला एक प्रश्न वरचेवर विचारू लागले आहेत. "सर, मुलगा गेमिंगचा संगणक मागतो. तयार घ्यावा की भाग आणून जुळवावा? आणि जुळवायचा तर पैसे वाया तर जाणार नाहीत ना?" विचारणारे बहुधा बेताच्या प्राप्तीचे गृहस्थ असतात. चाळीस-पन्नास हजार रुपये ही त्यांच्या घरी लहान रक्कम नव्हे. ती पुरवून पुरवून साठवलेली असते आणि एकदा गेली म्हणजे पुन्हा जमायला वर्षे लागतात. यास्तव या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार येथे करावा असे योजिले आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. संगणकांचा व्यापारी नव्हे. या विषयातले जे काही मला कळले, ते प्रथम चुकून कळले. २०२२ साली माझ्या भाच्याने तीन वर्षांची ईदी आणि लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन मिळवलेले पैसे माझ्यापुढे आणून ठेवले व म्हणाला, "मामू, पैसे माझे, निवड तुमची." मी मोठ्या उत्साहाने कामाला लागलो. रायझन ५ ५६०० हा नवा प्रोसेसर घेतला. काटकसर म्हणून बी४५० जातीचा जुना मदरबोर्ड एका ओळखीच्या गृहस्थाकडून घेतला. दोहोंचे सॉकेट एकच, एएम४. प्रोसेसर अलगद बसला. बटण दाबताच पंखे फिरू लागले, दिवे लागले. पण पडद्यावर काही उमटेना. दोन रात्री आम्ही मामा-भाचे एकेक भाग काढून पुन्हा बसवीत होतो. भाचा काही बोलला नाही, पण त्याच्याकडे पाहण्याचे धैर्य मला होत नव्हते.

दोष अखेर सापडला. मदरबोर्डवरील एका चिपेत 'बायॉस' नावाची प्राथमिक आज्ञावली लिहिलेली असते. यंत्र सुरू होताच कोणता प्रोसेसर बसला आहे हे ती ओळखते. आमच्या बोर्डातील बायॉस या प्रोसेसरच्या जन्मापूर्वीची होती. तिला तो ओळखूच येईना. एका जाणकाराने तात्पुरता जुना प्रोसेसर बसवून बायॉस नवी केली आणि अर्ध्या तासात यंत्र चालू झाले. पैसे बुडाले नाहीत. पण एक धडा मिळाला. भाग खाचेत बसला म्हणजे त्याचा मेळ जमला असे नव्हे. या लेखाचे सूत्र हेच आहे.

आरंभ पडद्यापासून

बहुतेक मुले आरंभ ग्राफिक्स कार्डापासून करतात. माझ्या मते आरंभ मॉनिटरपासून करावा, कारण यंत्राला किती काम करावयाचे आहे हे तोच ठरवतो. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६ लाख ८६ हजार. आणि ३८४० गुणिले २१६० म्हणजे ज्याला 'फोर-के' म्हणतात त्यावर सुमारे ८२ लाख ९४ हजार, म्हणजे पहिल्याच्या बरोबर चौपट. हे सर्व ठिपके ग्राफिक्स कार्डाला दर चित्रासाठी नव्याने रंगवावे लागतात. पडदा ६० हर्ट्झचा असेल तर एका चित्रास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झचा असेल तर सातांहूनही कमी.

ही आकडेमोड समोर ठेवली म्हणजे मोह आवरतो. बेताच्या पैशांत १९२० गुणिले १०८० चा पडदा हीच योग्य मर्यादा आहे. फोर-के पडदा आणि हलके कार्ड अशी जोडी केली तर पडदाही वाया आणि कार्डही केविलवाणे.

सोळा आण्यांची वाटणी

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्याकडे दशमान नाणी आली आणि पुढे आणे व्यवहारातून गेले. पण वाटणीचा हिशेब करायला सोळा आणे अजूनही सोयीचे पडतात. आमच्या आजीचा घरखर्च शेवटपर्यंत आण्यांतच चाले. मॉनिटर, कीबोर्ड व माऊस यांचा खर्च वेगळा काढून पेटीची रक्कम सोळा आणे धरावी. मग ग्राफिक्स कार्डास सहा आणे, प्रोसेसरास तीन, मदरबोर्डास दोन, रॅमला दीड, साठवणीच्या एसएसडीला दीड, एसएमपीएसला सव्वा आणि कॅबिनेटला पाऊण आणा द्यावा. बेरीज सोळा होते. पेटीसाठी पन्नास हजार रुपये असतील तर आणा ३,१२५ रुपयांचा पडतो. म्हणजे कार्डास पावणेएकोणीस हजार व प्रोसेसरास सव्वानऊ हजारांच्या आसपास.

हा काही शिलालेख नव्हे. बाजार हलतो तशी वाटणीही हलवावी लागते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांची मागणी वाढल्यामुळे रॅमचे भाव जगभर चढले; अशा वेळी रॅमचा दीड आणा पुरत नाही आणि कार्डातून वा एसएसडीतून काही काढावे लागते. पण एकाला अधिक दिले तर ते कोणाच्या ताटातून काढले हे वहीत लिहून ठेवावे. वहीतला हिशेब मोहावर लगाम घालतो.

कार्डास इतका मोठा वाटा का, असे कोणी विचारील. स्वयंपाकघरात एक बाई पोळ्या लाटते व दुसरी भाजते, तसे येथे आहे. खेळात कोठे काय हलले हे ठरवून चित्राचा आराखडा प्रोसेसर देतो. तो रंगवून पुरा ग्राफिक्स कार्ड करते. लाटणारी मंद असेल तर तवा रिकामा तापत राहतो. भाजणारी मंद असेल तर लाटलेल्या पोळ्यांची चवड साचते. खेळांत भाजण्याचे काम बहुधा अधिक, म्हणून कार्डाचा वाटा मोठा. तथापि सर्वच पैसे कार्डावर घालून प्रोसेसर जुनापुराणा ठेवला तर ते कार्ड रिकाम्या तव्याप्रमाणे बसून राहते.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

आता मेळाकडे वळू. पहिला मेळ प्रोसेसर व मदरबोर्ड यांचा. येथे तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : सॉकेट तेच आहे काय? बोर्डाचा चिपसेट त्या प्रोसेसरला चालतो काय? आणि बायॉस पुरेशी नवी आहे काय?

एएमडीच्या रायझन प्रोसेसरांसाठी २०१७ पासून एएम४ सॉकेट चालत आले. त्यात १,३३१ पिना असून त्या प्रोसेसरच्या अंगाला असतात. २०२२ मध्ये एएम५ आले. त्यात १,७१८ संपर्कबिंदू असून पिना मदरबोर्डच्या बाजूस गेल्या. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. इंटेलकडे २०२१ च्या अखेरीस एलजीए १७०० आले आणि त्यात बाराव्या, तेराव्या व चौदाव्या पिढीचे प्रोसेसर चालतात. २०२४ मध्ये एलजीए १८५१ हे वेगळे सॉकेट आले.

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व इंटेलच्याच एका जुन्या उदाहरणावरून ध्यानात येईल. सहाव्या-सातव्या पिढीचे सॉकेट एलजीए ११५१ होते. २०१७ साली आठवी पिढी आली, तिचेही सॉकेट ११५१ च. परंतु तिला ३०० मालिकेचा चिपसेट लागे. जुन्या बोर्डावर ती चालत नसे. नाव तेच पाहून ज्यांनी खरेदी केली ते फसले. तिसऱ्या प्रश्नाची कथा वर सांगितलीच आहे.

तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी मिळते. प्रत्येक मदरबोर्ड करणारी कंपनी आपल्या संकेतस्थळावर त्या बोर्डाला कोणते प्रोसेसर चालतात, आणि कोणत्या क्रमांकाच्या बायॉसपासून चालतात, याची यादी देते. ही यादी पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. काही बोर्डांवर प्रोसेसर न बसवताच पेनड्राइव्हवरून बायॉस बदलण्याची सोय असते. जुना बोर्ड घेणाऱ्याने ती असलेला पाहावा.

आणखी एक बारकावा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' हे अक्षर असेल, जसे कोअर आय-५ १२४००एफ, तर त्यात चित्र दाखवण्याची अंगची सोय नसते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्येही ती नाही. ५६००जी मध्ये आहे. "कार्ड दिवाळीत घेऊ, तोवर असेच चालवू" असे ज्याच्या मनात आहे त्याने एफचा प्रोसेसर घेतला तर दिवाळीपर्यंत पडदा काळाच राहील.

रॅम

डीडीआर४ व डीडीआर५ या दोन जाती सध्या प्रचारात आहेत. दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असतात आणि लांबूनही त्या सारख्याच दिसतात. पण खाच वेगळ्या जागी असते, विद्युतदाबही वेगळा असतो. एकीच्या जागी दुसरी बसत नाही आणि बळाने बसवू नये. एएम४ ला फक्त डीडीआर४, एएम५ ला फक्त डीडीआर५. इंटेलच्या १७०० सॉकेटात मात्र काही बोर्ड डीडीआर४ चे व काही डीडीआर५ चे असतात. म्हणून तेथे बोर्डाचे पूर्ण नाव वाचूनच रॅम घ्यावी.

सोळा जीबी घ्यावयाची तर एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्या असल्या म्हणजे प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते आणि खेळांत त्याचा फरक दिसतो. बोर्डावर चार खाचा असतील तर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत त्या बसवतात. पुस्तिकेत तसे दाखवलेले असते. पट्टीवर ३२०० किंवा ३६०० असा वेग छापलेला असला तरी ती पहिल्याने कमी वेगाने चालू शकते. बायॉसमध्ये जाऊन 'एक्सएमपी' नावाची सोय चालू करावी लागते. छापील वेगाचे पैसे देऊन वर्षानुवर्षे कमी वेगाने चाललेले संगणक मी पाहिले आहेत.

ग्राफिक्स कार्ड

कार्ड मदरबोर्डाच्या ज्या लांब खाचेत बसते तिला पीसीआय एक्स्प्रेस म्हणतात. नवे कार्ड जुन्या पिढीच्या खाचेत बसते व चालते; पण किती चालते हे पाहावे लागते. जानेवारी २०२२ मध्ये आलेले रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड याचे चांगले उदाहरण आहे. खाचेत सोळा मार्गिका असल्या तरी हे कार्ड त्यांतील चारच वापरते. चौथ्या पिढीच्या खाचेत त्या चार चालून जातात. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर प्रत्येक मार्गिकेची क्षमता निम्मी होते. शिवाय कार्डाची स्वतःची स्मृती ४ जीबीच असल्यामुळे त्याला मदरबोर्डाकडे वारंवार हात पसरावा लागतो आणि खेळ अडखळतो. म्हणजे स्वस्त म्हणून जुन्या बोर्डासाठी घेतलेले कार्ड नेमके जुन्या बोर्डावरच मागे पडते.

जुनी कार्डे घेण्याविषयी एक इशारा. २०२० ते २०२२ या काळात पुष्कळ कार्डे आभासी चलन मिळवण्यासाठी रात्रंदिवस राबवली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाने ती पद्धत सोडली आणि त्यांतली बरीच कार्डे जुन्या बाजारात आली. ती सर्वच टाकाऊ नव्हेत. पण पंखा, हमी आणि प्रत्यक्ष चालणे पाहिल्याशिवाय घेऊ नये. विक्रेत्यासमोर अर्धा तास जड खेळ चालवून पाहावा. जो नकार देईल त्याचा निरोप घ्यावा.

एसएमपीएस : येथे कंजुषी नको

वीज पुरवणाऱ्या भागाला बाजारात एसएमपीएस म्हणतात. तो पेटीत लपलेला असतो, खेळाचा वेग वाढवीत नाही, म्हणून काटकसरीची पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. ही मोठी चूक होय. बाकी सर्व भाग त्याच्या हातून जेवतात. त्याने दगा दिला तर तो एकटा जात नाही.

विद्यार्थ्यांसाठी सोपे गणित सांगतो. डब्यावर मोठ्या अक्षरांत '५०० वॅट' छापलेले असते. ते सोडून बाजूचा बारीक तक्ता वाचावा. प्रोसेसर व कार्ड मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात. त्या वाहिनीपुढे ३८ अँपिअर लिहिले असतील तर १२ गुणिले ३८ म्हणजे ४५६ वॅट खरोखर कामाचे. तेथे २० अँपिअरच असतील तर हाती २४० वॅट येतात, वर काहीही छापलेले असो.

'८० प्लस' ही खूण कार्यक्षमतेची आहे. यंत्राने ३०० वॅट मागितले आणि एसएमपीएसची कार्यक्षमता शेकडा ८५ असली, तर भिंतीतून सुमारे ३५३ वॅट ओढले जातात. उरलेले उष्णतेत जातात. ही खूण असावी. पण तेवढ्याने मालाच्या टिकाऊपणाची हमी मिळत नाही, म्हणून हमीची वर्षेही पाहावीत.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. प्रोसेसरसाठीची आठ पिनांची वायर आणि कार्डासाठीची आठ पिनांची वायर दिसायला सारख्या असतात, पण त्यांची जोडणी वेगळी असते; जी सहज बसत नाही ती दाबू नये. तसेच सुट्या वायरींच्या एसएमपीएसची वायर दुसऱ्याला लावू नये. टोक बसेल, पण आतील क्रम निराळा असू शकतो आणि क्षणात भाग जळतात.

ज्यांच्या घरी वीज जाते त्यांनी यूपीएसचाही हिशेब करावा. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देऊ शकतो. कार्यालयीन कामाला तो पुरतो. खेळाच्या यंत्राला अगदी काठावर येतो.

साठवण आणि कॅबिनेट

एसएसडीची छोटी पट्टी ज्या खाचेत बसते ती एम.२. बहुतेक पट्ट्या २२ मिलिमीटर रुंद व ८० लांब असतात, म्हणून त्यांस २२८० म्हणतात. पण एकाच आकारात साटा व एनव्हीएमई अशा दोन जाती आहेत. बोर्डाची खाच कोणती जात ओळखते हे पुस्तिकेत पाहावे. काही बोर्डांवर ही खाच वापरली की साटाचे एखादे तोंड बंद होते, तेही तेथेच लिहिलेले असते.

कॅबिनेट घेताना मदरबोर्डाचा आकार जुळवावा. एटीएक्स बोर्ड ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरचा असतो. मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ गुणिले २४४ चा. मिनी-आयटीएक्स १७० गुणिले १७० चा. मोठ्या पेटीत लहान बोर्ड बसतो, उलट नाही. मग कार्डाची लांबी व प्रोसेसरवरील पंख्याची उंची फूटपट्टीने ताडून पाहावी. हैदराबादच्या उन्हाळ्यात समोर काच असलेल्या पेटीपेक्षा समोर जाळी असलेली पेटी बरी. रंगीत दिव्यांनी यंत्र थंड होत नाही.

एक जुळलेले उदाहरण

समजण्यासाठी एक जोडणी मांडतो. रायझन ५ ५६००, बी५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड, आठ-आठ जीबीच्या डीडीआर४ ३२०० च्या दोन पट्ट्या, रेडिऑन आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे कार्ड, २२८० आकाराची एनव्हीएमई एसएसडी आणि १९२० गुणिले १०८० चा पडदा. आता मेळ तपासा. सॉकेट एएम४, दोहोंचे एकच. रॅम डीडीआर४, बोर्डाला हवी तीच. कार्ड आठ मार्गिका वापरते. बी५५० वर या प्रोसेसरसह चौथ्या पिढीची खाच मिळते, म्हणून अडचण नाही. प्रोसेसरला चित्राची सोय नाही, पण कार्ड आहे. विजेचा हिशेब : प्रोसेसर पूर्ण कामात सुमारे ७६ वॅट, कार्ड १३२ वॅट, बाकी सर्व मिळून ७० धरा, बेरीज २७८. कार्ड क्षणभर उसळी घेते, पुढे मोठे कार्डही घ्यावेसे वाटेल. म्हणून चांगल्या जातीचा ५५० वॅटचा एसएमपीएस घ्यावा.

हेच भाग घ्या असा माझा आग्रह नाही. बाजारात त्या दिवशी जे मिळेल त्यावर हीच तपासणी करावी. पीसीपार्टपिकरसारखी संकेतस्थळे हा मेळ बऱ्याच अंशी आपोआप तपासून देतात; तरी बायॉस आणि मोजमापे स्वतः पाहावीत. सिकंदराबादेतील पार्क लेनच्या चिनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारात जाताना यादी कागदावर लिहून न्यावी. "हा नाही, पण याच्यासारखाच आहे" असे कोणी म्हटले तर त्याच पावली घरी येऊन त्या नव्या नावाची तपासणी पुन्हा आरंभापासून करावी. प्रत्येक भागाचे बिल त्याच्या क्रमांकासह घ्यावे. हमी त्यावरच मिळते.

जुळवणी झाल्यावर मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाला लावावी, मदरबोर्डाला नव्हे. एवढ्या साध्या चुकीने पुष्कळ घरी पहिल्या संध्याकाळी घबराट उडते. आज्ञाप्रणालीचाही विचार हवा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. अगदी जुन्या भागांवर तो नियमाने चढत नाही. जुना प्रोसेसर स्वस्त मिळाला म्हणून घेणाऱ्याने हे आधी पाहावे.

शेवटी पालकांस दोन शब्द. खेळासाठी जुळवलेले हे यंत्र चित्रफीत संपादन, आराखडे काढणे, आज्ञावली लिहिणे ही कामेही उत्तम करते. पण मला त्याहून मोलाची वाटते ती जुळवणी. मुलाने स्वतः यादी करावी, पुस्तिका वाचाव्यात, वॅटांची बेरीज करावी आणि ती आपल्याला समजावून सांगावी. ज्या भागाचे कारण त्याला सांगता येणार नाही तो भाग त्या दिवशी घेऊ नये. माझ्या भाच्याचा तो संगणक आजही चालतो आहे. त्या दोन रात्रींनंतर त्याने वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले : "आधी बायॉसची यादी पाहणे." मित्रांसाठी भाग निवडायला बसतो तेव्हा तीच वही तो पुढे ओढतो, आणि मामू शेजारी असला तर ते पान जरा अधिकच उघडे ठेवतो.